वाफ्यांना आणि झाडांना आच्छादन: किती जाड, कधी, आणि बुंध्यापासून किती लांब

करवीरचा_माळी

ऊसतोड अजून चालू आहे. रानोरान पाचट, म्हणजे उसाची वाळकी पानं, पडलंय आणि त्यातलं बरंचसं येत्या महिन्याभरात पेटवलं जाईल. बागेसाठी गोळा करायची हीच वेळ. मार्च-एप्रिलच्या उन्हात उघडी काळी माती तडकते, सकाळी घातलेलं पाणी वरच्या वर उडून जातं. मग वळीव कोसळला की थेंबांच्या माऱ्यानं वरचा थर दबतो आणि वाळल्यावर पापुद्रा धरतो. या सगळ्यावर आच्छादन, म्हणजे मातीवर पाचट-पाल्याचा थर, हा एकच स्वस्त उपाय आहे. पण कसंही पसरून भागत नाही. कोल्हापूर शहरातल्या बागांत दोन गोष्टी सारख्या दिसतात: वाफ्यातला थर फार पातळ आणि झाडाच्या बुंध्याशी फार जाड. म्हणून मापांसकट लिहितो.

आधी तण काढा. हराळीच्या कांड्या आणि लव्हाळ्याच्या गाठी खणून काढाव्या लागतात, नुसती वरून भांगलण पुरत नाही. मग मातीला पाणी द्या. १० बाय ४ फुटांच्या वाफ्याला साधारण १०० लिटर, एकदम न ओतता दोन वेळा विभागून. कोरड्या मातीवर आच्छादन घातलं तर नंतरचं हलकं पाणी पाचटातच मुरतं आणि मुळाशी काहीच पोचत नाही. दुसऱ्या दिवशी वाफसा आला (माती ओलसर, पण चिखल नाही) की इंचभर चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत पसरा, ठिबक असेल तर नळ्या अंथरून सगळे ड्रिपर चालतात का बघा, आणि मगच पाचट.

पाचट अख्खं टाकू नका. लांब पात्यांचे थर एकमेकांवर बसून छप्पर होतं आणि पाणी बाजूला निघून जातं. कडबाकुट्टीतून काढा किंवा कोयत्यानं वीतभर तुकडे करा. पात्याच्या कडा हात कापतात, तेव्हा हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच. टाकताना ५ ते ६ इंच सैल थर द्या, पंधरवड्यात तो बसून ३ इंच होतो. दोन इंचांच्या खाली गेला की उजेड आत शिरतो आणि तण परत येतं.

किती लागेल? १० बाय ४ चा वाफा म्हणजे ४० चौरस फूट. बसलेला ३ इंचांचा थर धरला तर १० घनफूट. साखरेच्या ५० किलोच्या पोत्यात साधारण २ घनफूट माल मावतो, म्हणजे दाबून भरलेली ५ पोती. सैल भरली तर दुप्पट धरा.

भाजीच्या रोपाच्या खोडाभोवती २ ते ३ इंच जागा मोकळी. झाडांचं वेगळं लिहितो, तिथंच जास्त नुकसान होतं.

पुईखडी_परसबाग

दादा, एक विचारायचं होतं. आमच्याकडं गुऱ्हाळाची चिपाडं सहज मिळतात, पाचटाची गाडी आणणं अवघड पडतं. चिपाडं वापरली तर चालतील का? आणि भाताचं पिंजर?

करवीरचा_माळी

चालतील, पण ताजी नकोत. ताज्या चिपाडात रसाचा अंश राहिलेला असतो, त्यावर मुंग्या येतात आणि ढीग आंबून तापतो. उघड्यावर पसरून दोन-तीनदा भरपूर पाणी मारा, महिना-दोन महिने तशीच पडू द्या. आंबूस वास गेला की वापरायची. बारीक भुगा असेल तर २ इंचांपेक्षा जाड नको, तो ओला झाला की घट्ट बसतो.

पिंजर उत्तम. हलकं आहे, कापायला सोपं आहे. फक्त त्यात राहिलेले दाणे उगवतात आणि उंदीर येतात, म्हणून टाकण्याआधी झटकून घ्या. वैरणीचा भाव असतो तेव्हा मात्र पिंजर आच्छादनाला घालणं परवडत नाही. तसंच उसाचं वाढं (शेंड्याचा हिरवा भाग). ते जनावरांसाठी राहू द्या.

जांभ्याची_माती

मिळणाऱ्या मालाबद्दल थोडी भर.

भाताचा तूस टिकाऊ आहे, त्यात सिलिका भरपूर असल्यानं लवकर कुजत नाही. पण वाऱ्यानं उडतो आणि जोराच्या पावसात तरंगून वाहून जातो. एकटा वापरू नये, पाचटाखाली इंचभर घालावा. भुईमुगाची टरफलं दिसायला छान आणि कुजतातही चांगली. पण मूळकूज झालेल्या रानातली असतील तर रोगाची बुरशी सोबत येते. टोमॅटो-मिरचीच्या वाफ्यात ती धोक्याची, फुलझाडांच्या कडेला चालतील. सागाची पानं अख्खी टाकली तर ताटलीगत पाणी धरून बसतात, चुरून घ्या. सुबाभळीचा पाला नत्रानं भरलेला असतो, पण शेंगा आल्या तर सोबत बी येतं आणि पुढं दोन वर्षं सुबाभूळ उपटत बसावं लागतं. गिरिपुष्पाचा पाला सगळ्यात गुणाचा: कोवळा, नत्रयुक्त, आठ-दहा दिवसांत विरघळायला लागतो. पण त्याच कारणानं तो एकटा पुरत नाही. खाली गिरिपुष्प, वर पाचट, अशी जोडी लावा.

लाकडाचा भुसा वापरायचा असेल तर वर पसरा, मातीत अजिबात मिसळू नका. भुशात कर्ब प्रचंड आणि नत्र नगण्य. मातीत मिसळला की कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र ओढून घेतात आणि रोपं पिवळी पडतात. वर पसरलेला असेल तेव्हा हे फक्त माती आणि भुसा जिथं टेकतात तेवढ्या पापुद्र्यात घडतं, खोल मुळांना फरक पडत नाही. प्लायवूडचा किंवा रसायन मारलेल्या लाकडाचा भुसा मात्र घेऊच नका.

गाजर गवत फुलावर यायच्या आधी कापलेलं चालतं, फुलोरा आल्यावर नाही. कापताना हातमोजे आणि तोंडाला फडकं हवं, अंगाला खाज सुटते.

करवीरचा_माळी

आता झाडं.

राजारामपुरी, ताराबाई पार्कात बंगल्यांसमोर बघा. झाडाच्या बुंध्याभोवती माती, पाला आणि झाडलोटीचा कचरा यांचा उंचवटा केलेला असतो, वरून विटांचं गोल कडं. दिसायला नीटनेटकं, झाडाला घातक. बुंध्याची साल हवेत राहण्यासाठी घडलेली असते, मुळाची साल मातीत राहण्यासाठी. बुंध्याची साल महिनोन् महिने ओली राहिली की ती मऊ पडते, आतला अन्न वाहून नेणारा थर कुजतो आणि मुळांना वरून येणारं अन्न तुटतं. झाड लगेच मरत नाही. दोन-चार वर्षांत शेंडे वाळायला लागतात, पानं लहान येतात, आणि कारण मात्र वर फवारणीत शोधलं जातं. दुसरं म्हणजे त्या उंचवट्यात बुंध्यातून नवी बारीक मुळं फुटतात, ती गोल फिरतात आणि जाड झाली की बुंध्यालाच आवळतात.

योग्य रीत अशी. बुंधा जिथं रुंद होऊन मुळांत उतरतो तो भाग उघडा दिसला पाहिजे. लहान झाडाला बुंध्यापासून ६ इंच, मोठ्याला एक फूट जागा मोकळी. तिथून बाहेरच्या बाजूला ४ इंच जाड थर, शक्य तितका रुंद. पाणी शोषणारी बारीक मुळं बुंध्याशी नसतात. ती दुपारच्या सावलीच्या कडेला आणि तिच्या बाहेरही पसरलेली असतात. म्हणून थर जाड करण्यापेक्षा रुंद करण्यात फायदा. आच्छादनाचा घेर ६ फूट व्यासाचा केला तर ४ इंच जाडीला साधारण ९ घनफूट माल लागतो, म्हणजे दाबून भरलेली साडेचार पोती. मोठ्या आंब्याला सगळा घेर भरणं शक्य नसेल तर बुंध्यापासून ३ फुटांवर सुरू करून ३-४ फूट रुंदीचा पट्टा द्या.

आधीच उंचवटा झालेला असेल तर खुरपं बाजूला ठेवा, आधी हातानं आणि मग पाण्याच्या पाइपच्या हलक्या धारेनं माती सोडवा. पहिलं जाड मूळ दिसलं की थांबा. गोल फिरलेली बोटाएवढी बारीक मुळं कात्रीनं कापा. मनगटाएवढं मूळ बुंध्यावर आडवं बसलं असेल तर स्वतः कापू नका, जाणकार माळ्याला दाखवा. उघडी झालेली साल आठ-दहा दिवस सुकू द्या. हे काम भर मे महिन्यात करू नये, कडक उन्हात ती साल भाजते.

लिंबूबाग_वडगाव

कलमी झाडांचं आवर्जून सांगायला हवं. कलमाचा सांधा जमिनीपासून किमान वीतभर वर राहिला पाहिजे, आच्छादन धरूनसुद्धा. सांधा गाडला गेला की वरच्या फांदीला स्वतःची मुळं फुटतात आणि खुंटाचा (ज्यावर कलम बांधलं त्या मुळांच्या भागाचा) उपयोग संपतो.

लिंबू, मोसंबीला एक फूट मोकळी जागा हे कमीत कमी. डिंक्या हा रोग फायटोप्थोरामुळं होतो आणि ही बुरशी ओल्या मातीतून, उडणाऱ्या चिखलातून सालीवर येते. म्हणून लिंबाला दोन कडी करतात. आतलं कडं बुंध्याभोवती फूटभर अंतरावर, मातीचं, उंच. त्यात पाणी जाऊच द्यायचं नाही. बाहेरच्या आणि आतल्या कड्याच्या मधल्या आळ्यात पाणी आणि आच्छादन.

पावसाळ्याच्या आधी बुंध्याला बोर्डो मलम. १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी हे प्रमाण. चार-पाच झाडांसाठी १०० ग्रॅम, १०० ग्रॅम आणि १ लिटर पुरतं. मोरचूद अर्ध्या पाण्यात प्लॅस्टिकच्या बादलीत विरघळवा, चुना उरलेल्या अर्ध्या पाण्यात वेगळा फोडून गाळून घ्या, मग दोन्ही एकत्र ओतून ढवळा. लोखंडी किंवा पत्र्याचं भांडं नको. तयार मलमात घासलेला लोखंडी खिळा बुडवा. खिळ्यावर तांबूस थर आला तर मोरचूद मोकळा आहे, चुना थोडा वाढवा. जमिनीपासून अडीच-तीन फुटांपर्यंत ब्रशनं लावायचं, त्याच दिवशी संपवायचं. पावसाळा संपल्यावर परत एकदा.

शिरोळकाठ

आच्छादन चांगलं, मान्य. पण पाचटानं हुमणी (मुळं कुरतडणारी पांढरी अळी) वाढते असं आमच्या भागात पक्कं मत आहे आणि माझंही थोडं तसंच आहे. नदीकाठच्या रानात हुमणी आधीच जास्त.

जांभ्याची_माती

हुमणीचा दोष पाचटावर जातो, खरं कारण बहुतेक वेळा त्याखालचं कच्चं शेण असतं. मादी भुंगेरा भुसभुशीत, ओलसर, सेंद्रिय माती अंडी घालायला पसंत करतो हे खरंच आहे, त्यामुळं तुमची शंका निराधार नाही. पण कच्चं शेणखत घालून वरून झाकलं की अळीला हवं ते सगळं आयतं मिळतं. खत पूर्ण कुजलेलंच हवं: काळं, भुसभुशीत, शेणाचा वास नसलेलं.

भुंगेरे पहिल्या वळवानंतर संध्याकाळी जमिनीतून निघतात आणि कडुनिंब, बाभळीवर जाऊन पाला खातात. त्याच दिवसांत अंधार पडल्यावर फांद्या हलवून खाली पडलेले भुंगेरे रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकायचे. हे काम आख्ख्या गल्लीनं, वाडीनं मिळून केलं तरच उपयोग होतो, शेजारच्या झाडावरचे भुंगेरे आपल्याच वाफ्यात उतरतात. ज्या वाफ्यात गेल्या वर्षी हुमणी होती तिथं वळवाच्या महिन्याभरात आच्छादन बाजूला सारून ठेवा आणि मेटारायझियम (अळीला मारणारी बुरशी) कुजलेल्या खतात मिसळून, पाकिटावरच्या मात्रेप्रमाणे, ओल असताना मातीत द्या. कडक उन्हात टाकलं तर वाया जातं.

आणि दिसेल ती पांढरी अळी हुमणी समजू नका. खताच्या खड्ड्यात सापडणाऱ्या बऱ्याच अळ्या फक्त कुजलेलं खाणाऱ्या भुंग्यांच्या असतात. अळी सपाट फरशीवर ठेवा. उलटी होऊन पाठीवर सरपटत निघाली तर ती कुजकं खाणारी, रोपांची मुळं कुरतडणारी नव्हे. ती परत खड्ड्यात सोडा. हुमणी अशी पाठीवर चालत नाही, अंग वाकडं करून कुशीवर पडून राहते.

शिरोळकाठ

पाठीवर सरपटण्याची खूण उपयोगाची आहे. शेणखताचंही पटतं. आमच्याकडं अर्धकच्चंच खत टाकतात.

दुसरा मुद्दा पावसाळ्याचा. काळ्या, पाणी धरणाऱ्या जमिनीत जुलै-ऑगस्टला जाड आच्छादन ठेवलं तर माती आठवडेच्या आठवडे वाफशावर येत नाही. मुळं गुदमरतात, मिरची-वांगं कोलमडतं, गोगलगायी होतात. माझ्या मते जूनला सगळं आच्छादन काढून टाकावं.

जांभ्याची_माती

तुमच्याकडं बरोबर, आमच्याकडं नाही. शिरोळ आणि गगनबावडा एकाच जिल्ह्यात असले तरी पावसात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरीच्या उताराच्या जांभ्या मातीत पाणी थांबत नाही, माती वाहून जाते. तिथं पावसाळ्यातच आच्छादनाची जास्त गरज. उताराला आडवी पाचटाची वळकटी, वर चार-पाच दगड, दर ४-५ फुटांवर एक. पाण्याचा वेग मोडतो आणि माती वळकटीच्या वरच्या अंगाला अडकते.

करवीरचा_माळी

दोघांचंही बरोबर आहे. शहर आणि करवीरच्या मध्यम काळ्या जमिनीसाठी मी मधला मार्ग सांगेन: मृगाच्या आसपास वाफ्यातलं आच्छादन इंच-दीड इंचावर आणा, जाडंभरडं तेवढं ठेवा, बारीक कुजलेलं काढा. पूर्ण उघडी माती पावसाच्या माऱ्याखाली ठेवू नये, चिखल उडून खालच्या पानांवर करपा चढतो. टोमॅटोला हे विशेष. वाफा ८-१० इंच उंच गादीवाफा असेल तर थर तसाच ठेवला तरी चालतो. पाऊस ओसरला, ऑक्टोबरचं ऊन पडायच्या आत, जमिनीत ओल असतानाच परत ३ इंच करा. वर्षातलं सगळ्यात महत्त्वाचं आच्छादन हेच. पावसाची साठलेली ओल पुढं कितीतरी आठवडे पुरते.

गोगलगायीसाठी: गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी वाफ्याच्या कडेला पसरा. सकाळी उचललं की खाली जमलेल्या सापडतात, त्या साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्यात टाका. मीठ वाफ्यात टाकू नका. गोगलगायी मारायच्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या कुत्री-मांजरं खातात आणि दगावतात, घरच्या बागेत त्या नकोच.

पुईखडी_परसबाग

बी टोकलेल्या वाफ्यात कधी घालायचं? मेथी, कोथिंबीर, गाजर?

करवीरचा_माळी

मेथी-कोथिंबीर दाट पेरलेली असते आणि महिन्या-दीड महिन्यात काढायची, तिथं आच्छादनाची गरजच नाही. फार तर उगवेपर्यंत वर पिंजराचा विरळ थर, आणि कोंब दिसले की संध्याकाळी काढून टाकायचा. एक दिवस उशीर झाला तरी कोंब पिवळे, लांबुडके होतात. गाजर, मुळा, बीट ओळीत असेल तर रोपं ३-४ इंचांची झाल्यावर फक्त ओळींच्या मधे. मिरची, वांगी, टोमॅटो पुनर्लागणीनंतर १०-१५ दिवसांनी, रोप मान धरून उभं राहिल्यावर.

हळद आणि आलं याला अपवाद. त्यांना लागण झाल्याबरोबर हिरव्या पाल्याचं आच्छादन हवं आणि मग ४० व ९० दिवसांनी परत. हळदीला पहिल्या वेळी चौरस मीटरला सव्वा ते दीड किलो पाला. दर वेळी आधी भांगलण, मग खत, मग मातीची भर, मग पाला.

फळबाग_आजरा

मल्चिंग पेपरबद्दल (वाफ्यावर अंथरायचा प्लॅस्टिकचा कागद) कुणी लिहिलं नाही. घरच्या बागेत मी सुचवणार नाही, पण मिरची, टोमॅटो, कलिंगड करणाऱ्यांना लागतो, म्हणून थोडक्यात.

जाडी भाजीपाल्याला २५ ते ३० मायक्रॉन, फळझाडांना १०० मायक्रॉन. पातळ घेतला तर एका हंगामात चिंध्या होतात, आणि त्या मातीतून वेचून निघत नाहीत. चंदेरी बाजू वर, काळी खाली. चंदेरी चमकेनं मावा, फुलकिडे कमी बसतात, काळ्यामुळं तण मरतं. १.२ मीटर रुंदीच्या कागदाला गादीवाफ्याचा माथा ९० सेंटिमीटरपेक्षा रुंद ठेवू नका, दोन्ही कडा मातीत गाडायला पुरल्या पाहिजेत. पायाभूत खत आणि ठिबक आधी, कागद नंतर. ठिबकाशिवाय मल्चिंग पेपर म्हणजे मुळं कोरडी ठेवण्याचा उद्योग. कागद ताठ बसवा, पण भर दुपारी ताणून बसवलेला रात्री आकसून फाटतो, म्हणून सकाळी लवकर. भोकं ५ ते ७ सेंटिमीटरची. रोपाचं खोड कागदाला टेकलं तर उन्हात भाजतं, भोकाच्या कडेला मूठभर माती टाका. पीक निघालं की कागद पूर्ण गोळा करायचा. नांगरटीत मिसळायचा नाही, पेटवायचाही नाही.

लव्हाळा मात्र कागदालाही टोचून वर येतो. जिथं लव्हाळा आहे तिथं आधी गाठी खणून काढा, नाहीतर पैसे पाण्यात.

शिरोळकाठ

हराळीसाठी पुठ्ठ्याची रीत चांगली. खोक्यांचा साधा तपकिरी पुठ्ठा, चिकटपट्टी आणि पिना काढून, ओला करून अंथरा. जोडाला वीतभर पुठ्ठ्यावर पुठ्ठा, फट राहिली की हराळी तिथूनच डोकं काढते. वर ४ इंच पाचट. चकचकीत छापील पुठ्ठा कुजत नाही, तो नको. झाडाच्या मुळांवर मात्र पुठ्ठ्याचे दोन-तीन थर टाकू नका, हवा कोंडते.

आणि लॉनचं कापलेलं गवत. ओलं असताना जाड टाकलं तर त्याचा चिकट काला होतो आणि वास सुटतो. दिवसभर उन्हात सुकवून, एका वेळी इंचभर. लॉनवर टू-फोर-डी हे तणनाशक मारलं असेल तर ते गवत टोमॅटो, मिरची, वेलींजवळ अजिबात नको. पानं पिळवटतात, शेंडे वळतात, आणि लोक ते विषाणू समजून रोपं उपटतात.

गच्ची_राजारामपुरी

गच्चीवरच्या कुंड्यांना काय घालावं? पाचट उडून शेजारच्या गच्चीत जातं.

करवीरचा_माळी

ताई, कुंडीत इंचभर थर पुष्कळ झाला. नारळाच्या सोडणाचे बोटाएवढे तुकडे दोन-तीन दिवस पाण्यात भिजवून, पाणी दोनदा बदलून घाला. ते उडत नाहीत. कुंडीच्या काठापासून इंचभर जागा खाली राहिली पाहिजे, नाहीतर पाणी बाहेर सांडतं. अडेनियम, कोरफड यांना सेंद्रिय आच्छादन नको, त्यांना वाळू किंवा बारीक खडी.

ओल तपासायची ती आच्छादन बाजूला करून, बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालून. वरचं आच्छादन कोरडं दिसलं म्हणून पाणी देत राहिलात तर कुंडीतली मुळं कुजतील. वाफ्यातसुद्धा आच्छादनानंतर पाण्याच्या पाळीतलं अंतर वाढवा, पण पाणी दिलं की भरपूर द्या. रोज थोडं थोडं दिलेलं पाणी वरच्या थरातच संपतं.

लिंबूबाग_वडगाव

वाळवीचं राहिलं. वाळवी सुकं लाकूड आणि पाचट खायलाच येते, जिवंत निरोगी झाडाला सहसा हात लावत नाही. आच्छादन बुंध्याला टेकवून ठेवलं आणि कायम कोरडं राहिलं, तर मात्र मातीचे बोगदे करून ती सालीवर चढते. मोकळी जागा, ओलसर आच्छादन आणि बोर्डो मलम, एवढं पुरतं. घराच्या भिंतीपासून, लाकडी चौकटीपासून आच्छादन फूटभर लांब ठेवा.

पांढरं बुरशीचं जाळं दिसलं म्हणून घाबरू नका, ते कुजण्याचंच काम आहे. पण फार दिवस पाणी न मिळाल्यानं ते जाळं वाळून घट्ट झालं तर त्यावरून पाणी ओघळून जातं. दाताळानं हलकं विस्कटून घ्या.

हात घालण्याआधीही दाताळानंच उचला. जाड, कोरड्या पाचटात घोणस बसलेली असू शकते. पायात बूट हवेत.

पुईखडी_परसबाग

पाचट लवकर कुजावं म्हणून त्यावर युरिया मारतात, ते आच्छादनावर मारायचं का?

करवीरचा_माळी

नाही. आच्छादन टिकायला हवं असतं, युरियानं ते लवकर संपतं. शिवाय पाचटावर टाकलेल्या युरियातलं नत्र बरंचसं हवेत उडून जातं. झाडाला खत द्यायचं तर आच्छादन बाजूला सारा, मातीत द्या, पाणी द्या, परत झाका.

युरियाचं माप कंपोस्टसाठी. उसाच्या रानात पाचट कुजवताना एका टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारं जिवाणू संवर्धन घेतात. बागेतून जूनमध्ये काढलेलं १०० किलो पाचट असेल तर ८०० ग्रॅम युरिया, १ किलो सुपर आणि १०० ग्रॅम संवर्धन. युरिया-सुपर एकत्र विरघळवून एका बादलीत, संवर्धन शेणकाल्यात मिसळून दुसऱ्या बादलीत. दोन्ही एकमेकांत ओतू नका. फूटभराचा थर, त्यावर खत, मग शेणकाला, मग पुढचा थर. मुठीत दाबल्यावर बोटांच्या फटीतून एखाद-दुसरा थेंब यावा एवढीच ओल. पंधरा दिवसांनी एकदा, महिन्यानं परत एकदा ढीग उलटा.

शिरोळकाठ

पूररेषेतल्या बागांसाठी एक सांगून ठेवतो. २०१९ आणि २०२१ सारखं पाणी चढण्याचा अंदाज आला की सैल आच्छादन आधीच गोळा करून पोत्यांत भरा. नाहीतर ते वाहत जाऊन गटारांच्या जाळ्या तुंबवतं. पूर ओसरल्यावर जुन्या आच्छादनावर गाळाचा थर बसलेला असेल तर तो तसाच ठेवून वर नवीन टाकू नका. खाली हवा जात नाही आणि मुळं सडतात. गाळ आणि आच्छादन दोन्ही काढा, जमीन वाफशावर आली की दाताळानं वरचा पापुद्रा फोडा, बुंधे धुऊन घ्या, आणि नवं आच्छादन तीन-चार आठवड्यांनी, माती नीट मोकळी झाल्यावरच.

फळबाग_आजरा

होळीच्या दिवसांत कोरड्या पाचटाला ठिणगी पुरते. रस्त्याकडेच्या कुंपणालगत पाचट नको, तिथं ओला पाला किंवा कुजलेलं खत वापरा. जादा पोती गोठ्यापासून, गॅसच्या टाक्यांपासून लांब, सावलीत, खाली दोन विटा ठेवून रचा. ओली पोती रचू नका, आत तापून काळी पडतात. दोन दिवस पसरून वाळवलेलं पाचट भरलं तर पुढच्या ऑक्टोबरपर्यंत चांगलं राहतं.